घाट ओळखीचा आहे, बर्फ नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या गुलमर्गच्या हिवाळ्याबद्दल लिहिलं होतं, की तंगमर्गला खोली घेऊन सात आठवडे राहिले, स्कीच्या खाली स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी, चिकटवून डोंगर चढायचा आणि वर जाऊन त्याच स्कीवर खाली यायचं हे, म्हणजे स्की माउंटेनियरिंग, शिकले, आणि शेवटच्या आठवड्यात तिथल्या पोरांनी आपापसात लावलेल्या शर्यतीत पण उतरले. त्यावर मेल, व्हॉट्सअॅप आणि दोन चक्क पोस्टकार्डं आली, एकदोघांनी तर साताऱ्यात राजवाड्यापाशी भाजी घेताना गाठून विचारलं. सगळे प्रश्न इथे बसत नाहीत, पाच घेतलेत.

*ताई, मी २२ वर्षांचा आहे. सातारा हिल मॅरेथॉन तीनदा केली, शेवटची दोन तासांच्या आत. ऑलिम्पिकमध्ये स्की माउंटेनियरिंग बघितलं तेव्हापासून डोक्यातून जाईना. मला रेस करायचीय. स्की अजून पायात घातली नाही. रेसिंगचं सामान डायरेक्ट मागवू का? — एक वाचक, फलटण*

सामान मागवू नकोस, आत्ता तरी नको. बाकी तुझं पत्र वाचून मला खूप बरं वाटलं, कारण त्या मॅरेथॉनचा यवतेश्वरचा घाट दोन तासाच्या आत करून येणाऱ्या पोराकडे या खेळातली एक मोठी गोष्ट तयार आहे, ती म्हणजे चढावर न थांबणारी छाती.

तू जे बघितलंस ते स्प्रिंट. २०२६ च्या फेब्रुवारीत इटलीत बोर्मिओला हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला, स्प्रिंट आणि मिक्स रिले असे दोनच प्रकार होते. स्प्रिंट म्हणजे साधारण तीन मिनिटांचा कारभार, चढ सत्तरेक मीटरचा, पण त्यात सगळं येतं बघ, स्किनवर चढायचं, मग स्की काढून पाठीच्या सॅकला अडकवायच्या आणि बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवरून बूट घालून पळायचं, परत स्की घालून चढायचं, वर पोचलं की स्किन ओढून काढायच्या आणि खाली सुटायचं. याशिवाय इंडिव्हिज्युअल रेस असते, ती दीड-दोन तासांची, आणि व्हर्टिकल असते, ज्यात फक्त चढ. तुला सगळ्यात जवळची व्हर्टिकल, ती म्हणजे आपली घाटातली शर्यतच, फक्त पाय उचलायचा नाही, सरकवायचा. हे सांगायला सोपं आहे पण पळणाऱ्याच्या पायाला ते पटत नाही, मला दहा दिवस लागले, आमचा गाईड मागून एकच शब्द ओरडायचा, "घसीटो, घसीटो".

टीव्हीवर दम लागलेला दिसतो, पण शर्यत बऱ्याचदा ट्रान्झिशनला जाते. ट्रान्झिशन म्हणजे चढायच्या अवस्थेतून उतरायच्या अवस्थेत जाणं. स्की पायातच ठेवून वाकायचं, एक पाय मागे दुमडून वर घ्यायचा, स्कीच्या टोकाचा लूप सोडवायचा आणि स्किन एका झटक्यात टोकापासून शेपटीपर्यंत फाडल्यासारखी ओढायची, घडी करून सूटच्या छातीत कोंबायची, बुटाची लिव्हर खाली मारायची म्हणजे घोटा लॉक होतो, टाच बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, दाबून बसवायची, आणि हे सगळं नाडी टिपेला असताना, बोटं बधिर असताना. माझं पहिलं ट्रान्झिशन चार मिनिटांचं होतं. रोज संध्याकाळी खोलीबाहेर अंगणातल्या बर्फात वीस-वीस वेळा केलं तेव्हा सव्वा मिनिटावर आलं. जे खरे खेळाडू आहेत त्यांना काही सेकंद लागतात.

आणि आता जे तुला कडू लागेल ते. खाली येताना तुझी मॅरेथॉन कामाला येत नाही. माझ्यासोबत एक पुण्याचा ट्रायथलॉन करणारा मुलगा होता, चढावर आम्हाला सगळ्यांना मागे टाकायचा आणि उतारावर दर तीस मीटरला पडायचा, तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसला. त्यामुळे आधी साधं स्कीइंग शिक. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि माउंटेनियरिंगची इन्स्टिट्यूट आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आहे, औलीला गढवाल मंडळाचे कोर्स असतात. एक हिवाळा बेसिक, दुसरा इंटरमीजिएट, आणि कुठल्याही बर्फात, कडक असो की भुसभुशीत, शांतपणे वळत खाली येता आलं की मग स्किन. तोपर्यंत सामान भाड्याने. रेसची स्की पुरुषांना एकशे साठ सेंटिमीटरची चालते, एवढी छोटी आणि कागदासारखी हलकी असते की नवशिक्याच्या पायाखाली ती थरथरते, त्यावर वळायला शिकणं म्हणजे स्वतःलाच त्रास.

इथे राहून काय करायचं, तर यवतेश्वर चढतोसच, आता उतरताना पण पळ, मांडीला उताराचा मार बसला पाहिजे. सज्जनगडाच्या पायऱ्या पाठीला सात-आठ किलो लावून कर. आणि एका पायावर उभं राहून दात घास, हसू नकोस, स्की सरकते तेव्हा तुझं सगळं वजन एकाच पायावर असतं.

गुलमर्गला खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये स्की माउंटेनियरिंगची स्पर्धा होते, तिथे लष्कराची पोरं भारी असतात, त्यांना जाऊन बघ एकदा. आणि सातारा जिल्ह्यातला पोरगा बर्फावर काय करणार असं कुणी म्हणालं तर माणची ललिता बाबर आठव, ज्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो तिथली मुलगी २०१६ ला रिओत स्टीपलचेसची फायनल पळाली, आणि त्या शर्यतीत दर फेरीला पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते.

*नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, तिला गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सला जायचंय आणि नंतर तुमच्यासारखं डोंगरात पण. तिचे पप्पा नको म्हणतात, हिमस्खलनात माणसं गेल्याच्या बातम्या आम्ही वाचतो. मी मध्ये अडकलेय. तुम्ही मुलीला पाठवलं असतं का? — एक आई, कराड*

वहिनी, कोर्सला पाठवा. मी पाठवलं असतं. पण तुमच्या मुलीने एका वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मागितल्यात, त्या आधी सोडवून घेऊ, कारण तुमची भीती दुसरीबद्दल आहे आणि ती खरी आहे.

कोर्सचा उतार म्हणजे गुलमर्गच्या बशीसारख्या मैदानाच्या कडेचा सौम्य उतार, शिकवणारे सोबत, शंभरेक माणसं आजूबाजूला. तिथे धोका असतो तो पडून मनगट नाहीतर गुडघा दुखावण्याचा. हिमस्खलन व्हायला उतार तीव्र लागतो, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा, आणि वाईट हे की स्कीवर उतरायला मजा येते ती नेमकी त्याच उतारांवर. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, तिथून गोंडोला, म्हणजे केबल कार, अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो, आणि राखलेल्या पट्ट्याच्या दोरीपलीकडे पाऊल टाकलं की तो बॅककंट्री. तुम्ही वाचल्यात त्या बातम्या तिथल्या आहेत. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन. ती माणसं नवखी होती म्हणून गेली असं समजू नका.

होतं काय, तर बर्फ थराथराने पडतो. खालचा एखादा थर थंडीत साखरेसारखा सुटा दाणेदार होऊन बसतो, त्यावर नवीन जड थर पडतो किंवा वाऱ्याने येऊन साचतो, आणि वरून माणूस गेला की वरची अख्खी लादी सुटते. म्हणून मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस, जेव्हा सगळ्यांचे हात शिवशिवत असतात, तेच सगळ्यात वाईट. आणि गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेक वेळा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते, म्हणजे खालून मदत येईपर्यंत थांबायला वेळच नसतो, सोबतच्यांनीच काढायचं असतं. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर बीकन, सॅकमध्ये प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, आणि फावडं. बीकन हा ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडणारा आणि दुसऱ्याचा शोधणारा छोटा डबा, तो जॅकेटच्या आत बांधतात. फावडं कशाला असं मला पहिल्यांदा वाटलं होतं, पण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, हाताने एक ओंजळ निघत नाही.

माझा एक दिवस सांगते, तो मी मागच्या लेखात लिहिला नव्हता कारण त्यात काही झालं नाही. दोन दिवस बर्फ पडला होता, तिसऱ्या दिवशी आभाळ असं निळं की बघवेना. आम्ही पाच जण आणि गाईड. निघायच्या आधी तो प्रत्येकाचा बीकन तपासायचा, त्या दिवशी माझ्या बीकनची बॅटरी कमी दाखवत होती, तो मी एका दुकानातून भाड्याने घेतलेला होता आणि दुकानदार चालेल म्हणाला होता, गाईडने मागचं झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी. तो मला म्हणाला तुम्ही आज खोलीवर थांबा. मग त्याच्या भावाचा बीकन आणेपर्यंत पाऊण तास सगळे थंडीत उभे राहिले, माझ्यामुळे, आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

दोन तास चढलो. मी तिसरी होते. वरचा कडा दोनशे मीटरवर दिसत होता. आणि पायाखाली आवाज आला, धप्प, जसं बंद खोलीत कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा, कानापेक्षा पोटात जास्त ऐकू आला, आणि पुढच्याच्या स्कीपासून एक बारीक रेघ बर्फात डावीकडे पळत गेली, भिंतीला तडा जातो तशी. वरचा थर खालच्यावर बसल्याचा तो आवाज. गाईडने काठी आडवी धरली, मागे वळला आणि म्हणाला, "वापस." एवढंच. एक जण म्हणाला अजून थोडं वर जाऊन बघू, गाईडने त्याला उत्तरच दिलं नाही, एकेकाला अंतर ठेवून कमी उताराच्या धारेवरून खाली पाठवलं.

तो उतार त्या दिवशी सुटला नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. मला इथे काही जण म्हणाले की मग उगाच परत आलात. मी त्या माणसाबरोबर उरलेला सगळा हिवाळा चढले ते त्या एका "वापस" मुळे.

तर वहिनी, यंदा बेसिक कोर्स, आणि डोंगरात जायचं म्हणेल त्या वर्षी तिला तीन गोष्टी विचारा. तुझ्या गाईडने गेल्या हिवाळ्यात किती वेळा लोकांना अर्ध्यातून परत आणलं, हा पहिला, आणि एकदाही नाही असं उत्तर आलं तर तो गाईड नको. तू बीकनने गाडलेली सॅक किती मिनिटांत शोधतेस, हा दुसरा. आणि आजचं हिमस्खलनाचं बुलेटिन काय म्हणतंय, धोक्याची पातळी पाचपैकी कितीवर आहे, हा तिसरा, हे रोज विचारा फोनवर. बुलेटिन डीआरडीओची चंदीगडची संस्था काढते, आधी तिला सासे म्हणायचे. तिसरा प्रश्न तिच्या पप्पांना विचारू दे. नको म्हणणाऱ्या बापाला रोजचा एक आकडा हातात मिळाला की तो मुलीसोबत त्या डोंगरात असतो, माझ्या वडिलांचं तसंच झालं, शेवटी शेवटी तेच मला वारा कुठून आहे ते सांगायचे.

*मी १९८० च्या सुमारास फौजेत असताना गुलमर्गला वॉरफेअर स्कूलला विंटर कोर्स केला आहे. तेव्हा स्की जड होत्या, बूट कातड्याचे, स्किन पट्ट्याने बांधायचो. तुमच्या लेखातलं सामान वाचून आश्चर्य वाटलं. काय काय बदललं? आणि ही शर्यत कधीपासून? — निवृत्त सुभेदार, आपशिंगे*

काका, नमस्कार. तुम्ही ज्या वजनात चढलात त्याच्यापुढे आमचं काहीच नाही.

स्किनचं तत्त्व तेच आहे. युरोपात पूर्वी खरोखर सील या प्राण्याचं कातडं लावायचे म्हणून ते नाव, केसांचा कल एकाच दिशेला, पुढे सरकतं आणि मागे अडतं. आता मोहेअर म्हणजे अंगोरा शेळीचे केस, नायलॉन, किंवा दोन्हीचं मिश्रण, आणि बांधायच्या ऐवजी मागे गोंद, तोच गोंद पुन्हा पुन्हा चिकटतो. आमच्या खोलीत बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीवर, दोरी बांधून सगळ्यांच्या स्किन वाळत असायच्या, जास्त जवळ गेल्या तर गोंद वितळतो म्हणून घरमालकीण येता-जाता हाताने अंतर बघायची.

मोठा बदल बाइंडिंगमध्ये झाला. ऑस्ट्रियाचे फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात एक सोपी गोष्ट केली, बुटाच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंनी दोन खाचा आणि त्यात बसणाऱ्या दोन पिना, बस. टाच पूर्ण मोकळी, चढताना बाइंडिंगचं लोखंड उचलायला लागत नाही. आज रेसची एका पायाची स्की बाइंडिंगसकट किलोच्या आत असते.

आणि शर्यत म्हणाल तर ती तुमचीच, सैनिकांची. १९२४ च्या शामोनीच्या पहिल्या विंटर ऑलिम्पिकमध्ये मिलिटरी पेट्रोल नावाचा प्रकार होता, सैनिकांच्या तुकडीने स्कीवर जायचं आणि वाटेत नेमबाजी. स्विस आर्मीने १९४३ ला झरमॅट ते व्हर्बिए अशी तुकड्यांची शर्यत सुरू केली, पत्रुय दे ग्लासिए, पन्नास किलोमीटरच्या वर अंतर आणि हिमनद्यांवरून वाट. १९४९ ला तिघांची एक तुकडी हिमनदीच्या भेगेत पडून गेली, मग शर्यत बंद पडली ती थेट १९८४ ला परत सुरू झाली. अजूनही ती तिघांचीच असते. फ्रान्सची पिएरा मेंता १९८६ पासूनची, ती जोडीने चार दिवस पळतात. काका, तुमच्या कोर्सच्या आठवणी लिहून पाठवाल का? मी एक शब्द न बदलता छापायला देईन.

*आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, बर्फच नव्हता, मुलं रडली. नेमकं कधी जायचं? — एक वाचक, वाई*

वाईट वाटलं वाचून. काश्मीरचा बर्फ आपल्या पावसाळ्यातून येत नाही, तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून, ते आले तर आले. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, आणि २०२५ ला तर खेलो इंडियाचा गुलमर्गचा भाग बर्फ नाही म्हणून मार्चवर ढकलावा लागला. तिथले लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, कडक थंडी तेव्हाच, पण स्कीला थर साचलेला लागतो, त्यामुळे जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा धरा, आणि जमलं तर परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. औलीला जाणार असाल तर जोशीमठची जमीन खचल्यावर २०२३ च्या जानेवारीत तिथला रोपवे बंद केला होता, निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर वर रस्त्याने.

*मनालीहून जुनी टूरिंग स्की आणि स्किन आणल्यात. घरी पत्रा आहे, उन्हाळ्यात तापतो. मार्केट यार्डात आमचं हळदीचं गोडाऊन आहे, ते गार असतं, तिथे ठेवू का? — एक वाचक, सांगली*

स्किन तिथे अजिबात ठेवू नका दादा. गारवा चांगलाय पण हळदीची धूळ एकदा गोंदात बसली की ती निघत नाही, गोंद खरवडून नवीन लावायला लागेल, आणि तो सांगलीत मिळणार नाही. पत्र्याखाली माळ्यावर ठेवल्या तर गोंद वितळून केसांतून बाहेर येईल, ते पण नको. आधी स्किन पूर्ण वाळवा, सावलीत. मग गोंदाची बाजू आतमध्ये, मध्ये जाळीचं कापड नाहीतर त्यांच्यासोबत आलेली प्लास्टिकची पट्टी घालून घडी करा, घट्ट झाकणाच्या पिशवीत भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घरच्यांना सांगून ठेवा काय आहे ते.

स्की गोडाऊनमध्ये चालतील, पण कडा स्टीलच्या असतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजतात, त्या कोरड्या पुसून तेलाचा हात फिरवा, तळाला मेणाचा जाड थर द्या आणि तो पुन्हा बर्फावर जायच्या आधीच खरवडा. आणि जमिनीवर उभ्या करू नका, तुम्हाला २०१९ चा पूर मी सांगायला नको, वर कैचीला टांगा. डिसेंबरमध्ये पहाटेच्या गारव्यात स्किन उघडून बघा, गोंद हाताला दोऱ्यासारखा ओढून यायला लागला तर मला कळवा, गुलमर्गला जाणारं कुणी ना कुणी असतंच, गोंद मागवून देते.